चिमणरावांचे दफ्तरदार : चिं. वि. जोशी

१९३३ साली चिंतामण विनायक जोशी या एकाच गृहस्थाच्या नावावर दोन अगदी भिन्न प्रकृतीची पुस्तके प्रसिद्ध झाली. त्यांपैकी एक लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने काढले. ते होते ‘सद्धम्मप्पकासिनी’चा पहिला भाग. ‘पटिसंभिदामग्ग’ या कठीण बौद्ध ग्रंथावरील महानामाची ही प्राचीन पाली टीका जोशांनी पाठभेद ताडून संपादिली आणि ती रोमन लिपीत छापली गेली. दुसरे पुस्तक मराठी होते. त्याचे नाव ‘चिमणरावांचे चऱ्हाट’. पुण्यातील एका सामान्य कारकुनाच्या घरी नित्य घडणाऱ्या फजित्यांची ती हकीकत होती. पहिले पुस्तक हाती धरणाऱ्या विद्वानांपैकी फारच थोड्यांना दुसऱ्याची वार्ता असेल, आणि दुसरे वाचून पोट धरून हसणाऱ्या मराठी कुटुंबांना पहिल्याचे नावही उच्चारता आले नसते. ही दोन्ही कामे करणारा माणूस बडोदे संस्थानच्या नोकरीत होता, आणि जुनी कागदपत्रे सांभाळणे हे त्याच्या नोकरीतले काम होते.

चिंतामणरावांचे जीवन बाह्यतः पाहिले तर त्यात नाट्यमय असे फारसे नाही. तुरुंगवास नाही, वादळी व्याख्याने नाहीत, कोणाशी गाजलेला वाङ्मयीन कलह नाही. अध्ययन, अध्यापन, दफ्तर आणि लेखन या चार खांबांवर ते आयुष्य उभे होते. तरीही मराठी विनोदाला घराचा उंबरठा ओलांडून थेट माजघरात नेऊन बसविण्याचे काम या शांत आयुष्यातून घडले. ते कसे घडले, हे समजून घ्यावयाचे तर त्यांचे पांडित्य, त्यांचे दफ्तर आणि त्यांचा विनोद यांना एकमेकांपासून तोडून चालत नाही.

त्यांचा जन्म १९ जानेवारी १८९२ रोजी पुण्यास झाला. शिक्षणही पुण्यातच, एम. ए.पर्यंत झाले. त्या काळचे पुणे हे सभांचे, वृत्तपत्रांचे आणि वादांचे शहर होते. घराघरांत मतभेद होते आणि मतभेदांपेक्षा मताभिमान मोठा होता. दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात राहणारा मनुष्यही साम्राज्याच्या कारभाराविषयी ठाम मत बाळगून असे, आणि त्याच वेळी महिनाअखेरीच्या वाण्याच्या हिशेबाने बेजार झालेला असे. पुढे चिमणरावांच्या रूपाने जो मनुष्य अवतरला, त्याची माती या शहराची होती.

पाली भाषेच्या अभ्यासाला पुण्यात चालना मिळाली ती धर्मानंद कोसंबींमुळे. गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेल्या या ज्ञानोपासकाला १९०८ साली महाराज सयाजीराव गायकवाड यांनी दरमहा पन्नास रुपयांचे साहाय्य देऊ केले. महाराष्ट्रात राहून काम करावे आणि संस्थानासाठी ग्रंथ लिहावेत, एवढीच अपेक्षा होती. १९१२ ते १९१८ या काळात कोसंबींनी फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकविली. बुद्धवचनांची भाषा महाराष्ट्रातील तरुणांना अशा रीतीने पुन्हा भेटली, आणि त्या भाषेच्या अभ्यासाला वाहून घेणाऱ्या पहिल्या पिढीत चिंतामणराव होते. १९१६ साली, वयाच्या अवघ्या चोविसाव्या वर्षी, त्यांनी नवशिक्या विद्यार्थ्यांसाठी ‘मॅन्युअल ऑफ पाली’ हे इंग्रजी पाठ्यपुस्तक सिद्ध केले. कोणत्याही भाषेचे प्राथमिक पुस्तक लिहिणाऱ्याला दोन गोष्टी साधाव्या लागतात. सोपे आधी आणि अवघड मागाहून, हा क्रम सांभाळावा लागतो. आणि विद्यार्थी कोठे अडखळेल ते आधीच ओळखावे लागते. विनोदी लेखकालाही वाचक कोठे हसेल ते आधीच ओळखावे लागते. चिंतामणरावांची ती दृष्टी या पाठ्यपुस्तकापासूनच तयार होत गेली असावी, असे म्हणण्यास हरकत नाही.

पुढे ते बडोद्यास आले. प्रथम बडोदे कॉलेजात पालीचे प्राध्यापक म्हणून, आणि नंतर संस्थानच्या राजदफ्तराचे प्रमुख म्हणून त्यांनी येथे सेवा केली. त्यांच्या लेखनाचा ऐन बहराचा काळ या शहरात गेला, ही गोष्ट पुण्याच्या अभिमानी वाचकांच्या अनेकदा लक्षात राहत नाही. चिमणराव पुण्याचे खरे. पण त्यांची हकीकत लिहिणारा हात बडोदेकर होता.

बडोदे त्या वेळी हिंदुस्थानातील अग्रेसर संस्थानांत गणले जात होते. सयाजीरावांनी १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सबंध राज्यास लागू केला. १९१० साली अमेरिकेतील ग्रंथालयतज्ज्ञ विल्यम बॉर्डन यांना बोलावून त्यांनी मध्यवर्ती ग्रंथालय उभारले आणि पुस्तकांच्या फिरत्या पेट्या खेडोपाडी धाडण्याची व्यवस्था केली. भोवताली गुजराती प्रजा आणि मध्ये दरबार, पेढी, कचेरी व वाड्यांतून नांदणारी मराठी वस्ती, अशी या शहराची ठेवण होती. येथील मराठी माणसाला आपली भाषा जपावी लागे, कारण वाड्याबाहेर पडताच कानावर दुसरी भाषा येई. १९०९, १९२१ आणि १९३४ अशी तीन मराठी साहित्य संमेलने या शहरात भरली, ती काही केवळ राजाश्रयामुळे नव्हेत. येथे वाचकही होता.

पुण्यात जन्मलेल्या लेखकाला या अंतराचा फार मोठा लाभ झाला, असे त्यांचे लेखन वाचताना जाणवते. माणूस आपल्या गल्लीत उभा असतो तेव्हा गल्लीतील भांडणात त्याची एक बाजू असते. तोच रात्रभराच्या रेल्वे-प्रवासाच्या अंतरावर राहावयास गेला म्हणजे त्याच भांडणाची त्याला गंमत वाटू लागते, आणि थोडी आठवणही येऊ लागते. चिं. विं.च्या विनोदात ही गंमत आणि ही आठवण यांचे मिश्रण आहे. पुणेरी माणसाच्या अहंतेला, काटकसरीला आणि हटवादीपणाला त्यांनी मनसोक्त चिमटे घेतले; पण त्या चिमट्यांनी रक्त निघाले नाही. आपल्याच माणसांना दुरून पाहणाऱ्याची ती नजर होती.

त्यांच्यापूर्वी मराठी विनोदाला थोर परंपरा लाभलेली होती. श्रीपाद कृष्ण कोल्हटकरांनी ‘सुदाम्याचे पोहे’मधून सुदामा, बंडूनाना आणि पांडूतात्या या त्रयीला पुढे करून रूढींवर आणि भोळसट समजुतींवर बुद्धिप्रधान हल्ला चढविला. त्यांचे शिष्य राम गणेश गडकरी यांनी ‘बाळकराम’ या नावाने कल्पनेची आणि अतिशयोक्तीची आतषबाजी केली. कोल्हटकरांच्या विनोदाला तर्काची धार होती, गडकऱ्यांच्या विनोदाला शब्दांची. १९२५ साली आचार्य अत्र्यांची ‘झेंडूची फुले’ आली आणि विडंबनाने काव्यप्रांत गदगदून हलला. १९१९ साली गडकरी गेले, आणि १९३४ साली कोल्हटकरही गेले. या दोन वर्षांच्या दरम्यान मराठी विनोदाने हळूच एक वळण घेतले. १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेले चिं. विं.चे ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ हे त्या वळणावरचे पुस्तक होय. येथे रूढीवर हल्ला नव्हता, शब्दांची कसरतही नव्हती. येथे एक घर होते.

त्यांच्या पुस्तकांची नावेच पाहावीत. उसाच्या गुऱ्हाळातून गूळ निघतो. एरंडाचे गुऱ्हाळ घातले तर घाम तेवढा निघेल. चऱ्हाट वळणे म्हणजे लांबण लावीत बसणे. ‘वायफळाचा मळा’ हे १९३६ मधील पुस्तक. त्या मळ्यात पीक कसले यायचे, हे नावच सांगते. ‘रहाटगाडगे’ म्हणजे तेच ते फिरणारे जिणे. बायकांच्या आणि शेतकऱ्यांच्या तोंडचे हे वाक्प्रचार उचलून लेखकाने आपल्याच पुस्तकांची टर उडविली. वाचकाने पुस्तक उघडण्यापूर्वीच लेखक स्वतःला खालच्या पायरीवर उभा करून मोकळा होई. मग त्याच्यावर रागवावयाचे कोणी आणि कशासाठी?

पात्रांच्या नावांतही हीच घरगुती खेळकर वृत्ती दिसते. चिमणराव हे नाव चिमणीच्या जातीचे. त्यांची पत्नी काऊ. मुले मोरू, मैना आणि राघू. लहान मुलांना घास भरविताना काऊ-चिऊच्या नावाने जो घास काढून ठेवतात, त्या घासातून जणू हे सबंध कुटुंब उडून आले आहे. या पाखरांच्या घरट्यात एकच दांडगा प्राणी वावरतो, तो म्हणजे गुंड्याभाऊ. चिमणराव किडकिडीत, भिडस्त, विचार करून करून निर्णय लांबणीवर टाकणारे. गुंड्याभाऊ धिप्पाड, तापट, विचार करण्याची यातायात न करता कृतीला लागणारा. चिमणरावांना प्रत्येक संकटात गुंड्याभाऊचा आधार वाटतो, आणि बहुतेक वेळा मूळ संकटापेक्षा तो आधारच भारी पडतो.

या ठिकाणी पालीच्या पंडिताची आठवण झाल्यावाचून राहत नाही. पाली वाङ्मयातील जातककथांची संख्या ५४७. चिं. विं.नी त्यांतील निवडक गोष्टी मराठीत आणल्या. ‘जातकांतील निवडक गोष्टी’ हे त्यांचे पुस्तक १९३० सालचे. जातकांत राजे आणि बोधिसत्त्व आहेतच. पण त्याहून अधिक आहेत ते सुतार, माळी, व्यापारी, पुरोहित, कजाग बायका, लोभी नवरे आणि बडबडे कासव. मकस जातकातील सुताराच्या टकलावर डास बसतो आणि पितृभक्त मुलगा तो डास मारण्यासाठी कुऱ्हाड उचलतो. डास मरतो की नाही हा प्रश्न उरत नाही, कारण बापच उरत नाही. आरामदूसक जातकातील माकडे राजाच्या बागेला पाणी घालण्याचे काम मोठ्या निष्ठेने पत्करतात, आणि कोणत्या रोपाला किती पाणी लागेल हे ठरविण्यासाठी प्रत्येक रोप उपटून मुळांची लांबी मोजतात. मूर्ख मित्रापेक्षा शहाणा शत्रू बरा, हे तात्पर्य अडीच हजार वर्षांच्या परंपरेतून आलेले आहे. ज्याने या कथा मुळातून वाचल्या, शिकविल्या आणि भाषांतरिल्या, त्याच्या लेखणीतून गुंड्याभाऊ उतरावा हे नवल नव्हे. हेतू शुद्ध, निष्ठा अपार, परिणाम भयंकर. ही जातकांतील माणसे चिमणरावांच्या घरी अगदी शोभून दिसली असती.

मात्र जातककथा शेवटी तात्पर्य सांगते. चिमणराव ते सांगत नाहीत. आपली हकीकत ते स्वतःच्या तोंडाने, मोठ्या गांभीर्याने निवेदन करतात. आपण हास्यास्पद ठरत आहोत, याची त्यांना दादही नसते. ‘स्पष्टवक्तेपणाचे प्रयोग’ ही त्यांची प्रसिद्ध कथा घ्यावी. भिडस्तपणाने आपले नुकसान होते, असे ठरवून एखाद्याने यापुढे मनातले सारे तोंडावर बोलण्याचा निश्चय करावा, यात गैर काय आहे? निश्चय उत्तम, त्यामागील तर्कही बिनतोड. परंतु संसार तर्कावर चालत नसून थोड्याशा सोयीस्कर लबाडीवर चालतो, हे चिमणरावांना ठाऊक नसते. वाचकाला ते ठाऊक असते. चिमणराव जितक्या प्रामाणिकपणे खड्ड्याकडे चालत जातात, तितके वाचकाचे हसू अनावर होते. हसता हसता आपणही कालपरवा याच खड्ड्यात पाय घातला होता, हे त्याला आठवते आणि ते हसू थोडे जपून येऊ लागते.

या विनोदाचे सगळे साहित्य रोजच्या जगण्यातले होते. मुलीचे स्थळ, पाहुण्यांचा मुक्काम, बिऱ्हाड बदलणे, आगगाडीचा प्रवास, कचेरीतील साहेब, शेजाऱ्याचे आगंतुक सल्ले, मुलांची दुखणी, सणावारांचे खर्च. लिहिण्याचा काळही ध्यानात घ्यावा. १९२९ नंतर जगभर मंदी आली होती. पदवीधर तरुण नोकरीसाठी वणवण हिंडत होते. १ एप्रिल १९३० पासून शारदा कायदा अमलात आला आणि मुलींच्या लग्नाचे वय घरोघर चर्चेचा विषय झाले. १९३२ साली मराठी चित्रपट बोलू लागला. मिळकत तीच आणि हौस मात्र नवनवी, अशा पेचात पांढरपेशा वर्ग सापडला होता. चिं. विं.नी त्या पेचावर प्रबंध लिहिला नाही. त्या पेचात सापडलेला एक मनुष्य त्यांनी उभा केला, आणि त्याला हसण्याची मुभा वाचकाला दिली. हसता येते म्हणजे अजून सारे हातचे गेलेले नाही, हा दिलासा त्या मुभेत होता.

दरम्यान त्यांचे दुसरे काम अखंड चालू होते. राजदफ्तर म्हणजे गायकवाड घराण्याच्या कारभाराची कागदोपत्री स्मृती. मोडी लिपीतील पत्रे, करार, सनदा, हिशेब, तंटे आणि त्यांचे निवाडे यांची जपणूक, मांडणी आणि उपलब्धता हे दफ्तरदाराचे कर्तव्य. हे काम ज्याने केले आहे त्याला एक गोष्ट नित्य दिसते. राज्याच्या कागदांत युद्धे आणि तह सापडतात, कोणाला किती वर्षासन मिळाले ते सापडते. पण घरात अवचित चार पाहुणे आले त्या दिवशी यजमानीणबाईंनी काय केले, हे कोठेच सापडत नाही. सामान्य माणसाची नोंद दफ्तरात होते ती त्याने कर चुकविला तर किंवा वारसाहक्काची भांडणे झाली तर. त्याचे रोजचे जगणे, त्याच्या लहानशा लबाड्या आणि त्याहून लहान विजय यांचा कागद कोणी ठेवीत नाही. चिमणरावांच्या कथा एकापुढे एक ठेवून वाचल्या तर त्या अशा कागदांचे दफ्तरच वाटतात. त्या काळी मध्यमवर्गीय घरात काय शिजत होते, काय विकत घेतले जात होते, कोण कोणाला काय म्हणून हाक मारीत होते, साहेबापुढे कसे उभे राहत होते आणि पाठीमागे काय बोलत होते, हे इतिहासाच्या अभ्यासकाला आज पाहावयाचे झाले तर त्याला या विनोदी कथांकडे यावे लागते.

या दफ्तराला मर्यादा होत्या, हेही नमूद करणे इष्ट आहे. चिमणरावांचे जग प्रामुख्याने पुण्याच्या पांढरपेशा ब्राह्मण वस्तीचे आहे. त्या वस्तीबाहेरचा समाज तेथे डोकावतो तो नोकर, गाडीवान किंवा दुकानदार म्हणून. शिवाय ज्या घराच्या गमतींवर वाचक हसतो, ते घर चालते काऊच्या आणि चिमणरावांच्या आईच्या कष्टांवर. पुरुषांनी घातलेले घोळ निस्तरण्याचे काम बहुधा बायकांकडे येते आणि हास्याच्या भरात त्या कष्टांकडे लक्ष जात नाही. आजची वाचक स्त्री या कथा वाचताना हसते, पण काऊची बाजू कोणी लिहिली असती तर ती कशी झाली असती, असा विचारही तिच्या मनात येऊन जातो. तथापि एवढे मान्य केले पाहिजे की चिं. विं.चा विनोद दुबळ्यावर कधी उगारला गेला नाही. थट्टेचे पहिले आणि मुख्य लक्ष्य नेहमी निवेदक स्वतः, म्हणजे घरातील कर्ता पुरुष होता. ज्या काळात कर्त्या पुरुषाचा शब्द घरात खाली पडत नसे, त्या काळात त्याला इतके हास्यास्पद करून दाखविणे ही लहान गोष्ट नव्हती.

लेखन अव्याहत चालू राहिले. ‘आणखी चिमणराव’ १९४४ मध्ये, ‘ओसाडवाडीचे देव’ १९४६ मध्ये आणि ‘गुंड्याभाऊ’ १९४७ मध्ये प्रसिद्ध झाले. १९४७ हेच ‘सद्धम्मप्पकासिनी’च्या तिसऱ्या व अखेरच्या भागाचेही साल. चौदा वर्षे एका बाजूस पाली टीकेचे पाठभेद आणि दुसऱ्या बाजूस चिमणरावांची बिऱ्हाडे, असा हा दुहेरी संसार त्यांनी तक्रारीवाचून केला. एका कामाची थकावट दुसऱ्या कामाने घालवावी, असाच त्यांचा क्रम असावा. १९३५ मध्ये त्यांनी ‘शाक्यमुनि गौतम’ हे बुद्धचरित्र लिहिले होते. १९५६ साली नागपुरास झालेल्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध विचारांविषयीच्या मराठी ग्रंथांची निकड शतपटींनी वाढली. १९६३ मध्ये, म्हणजे आयुष्याच्या अखेरच्या वर्षी, त्यांचा ‘बुद्धसंप्रदाय व शिकवण’ हा ग्रंथ वाचकांपुढे आला. तरुणपणी पत्करलेला विषय त्यांनी शेवटपर्यंत सोडला नाही.

पुस्तकाबाहेर पडण्याचे भाग्यही चिमणरावांना लवकरच लाभले. १९४० साली मास्टर विनायक यांनी ‘लग्न पहावे करून’ हा चित्रपट चिं. विं.च्या कथेवरून काढला. त्यात दामुअण्णा मालवणकर चिमणराव झाले आणि विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. घर बांधणे आणि लग्न करणे या दोन्ही कामांत मनुष्याचा कस लागतो, असे सांगणारी म्हण प्रत्येक मराठी घरात ठाऊक होती. तिचा निम्मा भाग नावादाखल घेताच चित्रपट निम्मा समजून चुकला. १९४२ मध्ये याच जोडीला घेऊन ‘सरकारी पाहुणे’ आला. पुस्तक वाचण्याइतकी अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकालाही आता चिमणराव भेटले. दामुअण्णांचे तिरळे, भांबावलेले डोळे आणि जोगांचा देह यांमुळे ही जोडी लोकांच्या मनात अशी ठसली, की बारीक आणि जाड अशी दोन माणसे रस्त्याने बरोबर जाताना दिसली तरी लोकांना त्या दोघांची आठवण व्हावी.

१ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. ज्या राज्याचे दफ्तर चिंतामणरावांनी सांभाळले होते, ते राज्यच दफ्तरात जमा झाले. चिमणरावांचा संसार मात्र पुढे चालू राहिला. १९५५ मध्ये ‘रहाटगाडगे’, १९६१ मध्ये स्वतःच्या नावावर कोटी करणारे ‘हास्यचिंतामणी’, १९६२ मध्ये ‘बोरीबाभळी’ अशी भर पडत गेली. तोवर मराठी विनोदात पु. ल. देशपांडे यांचे युग सुरू झाले होते. ‘बटाट्याची चाळ’ १९५८ ची, ‘व्यक्ती आणि वल्ली’ १९६२ चे. चाळीतील माणसे आणि ओळखीतील वल्ली घेऊन प्रेमळ विनोद करता येतो, ही वाट पुलंच्या आधी ज्यांनी मळली त्यांत चिं. वि. अग्रभागी होते. त्यांनी विनोदाला घरात आणून बसविले होते, म्हणूनच पुढे तो चाळीच्या गॅलरीत मोकळेपणाने उभा राहू शकला.

२१ नोव्हेंबर १९६३ रोजी चिंतामणरावांचे निधन झाले. त्या वेळी त्यांचे वय ७१ वर्षांचे होते.

त्यांच्या मृत्यूनंतर चौदा वर्षांनी चिमणराव पुन्हा एकदा घरोघर आले. १९७७ च्या सुमारास मुंबई दूरदर्शनवर ‘चिमणराव’ ही मालिका सुरू झाली. दिलीप प्रभावळकर चिमणराव झाले आणि बाळ कर्वे गुंड्याभाऊ. ज्या घरी दूरचित्रवाणी संच असे त्या घरी आळीतील मंडळी जमत. पुस्तकातील पुणे तोवर पुष्कळसे नाहीसे झाले होते. वाडे पाडले जात होते, एकत्र कुटुंबे विभागली होती, टांगे दिसेनासे होत होते. तरीही पडद्यावरील चिमणरावांची तारांबळ पाहून आजोबा आणि नातू एकाच वेळी हसत होते. आजोबांना त्यात आपला काळ दिसे. नातवाला आपले आजोबा दिसत.

विनोदी वाङ्मयाला साहित्याच्या पंगतीत नेहमी शेवटचे पान वाढण्याची आपली रीत आहे. जे वाचताना कष्ट पडत नाहीत ते लिहितानाही पडले नसतील, असा एक गैरसमज त्यामागे असतो. चिंतामणरावांचे चरित्र या गैरसमजाला उत्तर म्हणून पुरेसे आहे. प्राचीन टीकाग्रंथाचा एकेक शब्द हस्तलिखितांशी पडताळून पाहणाऱ्या मनुष्याला चिमणरावांचे एक साधे वाक्य लिहितानाही शब्दांची निवड हलकी वाटली नसणार. त्यांचे गद्य आजही अडखळत नाही, जुने वाटत नाही. त्यात शोभेचा शब्द शोधून सापडत नाही. शिस्तीने राबलेल्या विद्वत्तेचा हा सहजपणा आहे.

बडोद्याच्या मराठी वाचकाला तर चिं. विं.विषयी विशेष आपुलकी वाटावी असे कारण आहे. आपल्या प्रांतापासून दूर राहणाऱ्या समाजाला भाषा टिकवावयाची असते, तेव्हा तो साहजिकच थोर ग्रंथांकडे, संतांकडे आणि इतिहासाकडे वळतो. ते योग्यच आहे. परंतु भाषा खरी टिकते ती घरातील बोलण्यात, चेष्टामस्करीत, रागावण्यात आणि समजूत घालण्यात. ज्या घरात मुलांना आईबापांच्या भाषेतील विनोद समजतो, त्या घरात ती भाषा जिवंत असते. ज्या दिवशी विनोद समजावून सांगावा लागतो, त्या दिवशी ती पाहुणी होऊ लागते. चिंतामणरावांनी बडोद्यात बसून पुण्याच्या घरातले हे बोलणे जसेच्या तसे जतन केले. एरंडाचे गुऱ्हाळ, चऱ्हाट, वायफळ असे शब्द ज्यांच्या कानांवर आता पडत नाहीत, त्या तरुण वाचकांच्या हाती त्यांचे एखादे पुस्तक ठेवले, तर पहिल्या दोन पानांत त्यांना शब्दकोशाची आठवण होईल आणि तिसऱ्या पानावर ते कोश विसरून जातील.

संस्थानच्या दफ्तरातील कागद आता इतिहासाचे अभ्यासक चाळतात. पाली टीकेचे तीन भाग जगभरच्या बौद्धविद्येच्या ग्रंथालयांत आहेत. आणि मराठी ग्रंथालयाच्या फडताळात, अनेक हातांनी कडा मऊ पडलेली ‘चिमणरावांचे चऱ्हाट’ची एखादी प्रत असते. ती जागेवर सापडली नाही, तर ग्रंथपालांनी फारसे चिंतित होण्याचे कारण नाही. ती कोणाच्या तरी घरी वाचली जात आहे.